एक ओली, एक सुकी

साताऱ्याहून सांगलीला निघालेल्या एसटीनं कराडचा स्टँड सोडला आणि उत्कर्षाच्या शेजारचा माणूस रडायला लागला.

हमसून वगैरे नव्हे. चांगला दणकट गडी, मिशी कोरलेली, मनगटात कडं, आणि मांडीवरच्या फोनकडं बघत गुपचूप टिपं गाळतोय. उत्कर्षाला माणसं जोखायची खोड होती. कुपवाडच्या एका कारखान्यात पंपाचे भाग बनायचे, तिथं ती तपासणीला होती. आलेला प्रत्येक भाग मापायचा आणि त्यावर लेबल चिकटवायचं. हिरवं म्हणजे पास, पिवळं म्हणजे परत मशिनवर, लाल म्हणजे थेट भंगारात. ही सवय गेटबाहेरही तिच्याबरोबर यायची. ज्या मामीकडं पाहुणचार घेऊन ती परत निघाली होती, त्या मामीलाही तिनं मनातल्या मनात पिवळं लावूनच निरोप घेतला होता.

पण रडणाऱ्याला कुठलं लेबल लावणार? तिनं पाण्याची बाटली पुढं केली आणि हळूच विचारलं, "घरचं कुणी गेलं का?"

त्यानं कानातला इयरफोन काढला. "न्हाई, गेलं कुणी न्हाई. मांजर म्हातारं झालंय."

"तुमचं?"

"ह्यातलं." त्यानं फोन तिच्याकडं तिरपा केला. रंगवलेली खोली, रंगवलेली खिडकी, आणि जांभळ्या केसांची एक रंगवलेली पोरगी. "मांजराला आता खिडकीत उडी मारता येईना. तर ही काय बोलत न्हाई… नुसती खुर्ची थोडी खिडकीजवळ सरकवती. चढायला."

उत्कर्षानं ओढणीत तोंड लपवलं. हसू दाबून झाल्यावर तिनं पोरगी नीट न्याहाळली. डोळे बशीएवढे, हनुवटी सुईच्या टोकासारखी. "हिला नाक कुठं आहे?"

त्यानंही निरखून पाहिलं, जणू हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडत होता. "लागत न्हाई," तो म्हणाला.

सांगलीत उतरताना तिनं त्याला पिवळं लावलं. लाल लावणार होती, पण बाटली परत देताना त्यानं टोपण घट्ट बसवून, वर ओढून बघून दिली होती. माप घेणाऱ्या बाईला असल्या गोष्टी दिसतात.

सोमवारी तोच गडी डिझाइनच्या खोलीत, तिच्या टेबलासमोरच्या काचेपलीकडं बसलेला. नाव राजवर्धन, गाव कोरेगाव, वडील निवृत्त सुभेदार, शिक्षण कराडला. नवीन माणसाची एवढी माहिती कारखान्यात चहा यायच्या आत पसरते. त्याला ॲनिमेचं, त्या जपानी चित्रमालिकांचं, वेड आहे हे कळायला दुपार लागली. सुपरवायझर नानासोंनी निकाल दिला की, हे पोरांचं कार्टून हाय, लग्न झालं की सुटंल. लग्नाचा विषय उत्कर्षानं मात्र कान देऊन ऐकला.

चहाच्या सुट्टीत सगळे गेटबाहेर तात्याबांच्या भेळेच्या गाड्यापाशी जमायचे. परतीच्या पावसाचे दिवस होते. वरच्या पत्र्यावर थेंब टपटपायचे, चिंचेच्या पाण्याचा आणि भडंगाचा वास गल्लीभर सुटायचा. अशाच एका दुपारी राजवर्धन गाड्यापाशी येऊन तिच्या मागं थांबला. बराच वेळ थांबला.

"तुला काय?" उत्कर्षानं विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' तोवर झालं होतं.

त्यानं बुटांकडं पाहिलं. मग म्हणाला, "सुकी."

"तात्याबा," ती गाड्याकडं वळून म्हणाली, "एक ओली, एक सुकी."

तिनं कागदाचा पुडा हातात दिला तेव्हा तो क्षणभर पुड्याकडं बघतच राहिला, मग मुकाट्यानं खायला लागला. औषध घ्यावं तसा. कोरेगावकडं अशीच खात असतील, म्हणून तिनं विषय सोडला. पुढं ते ठरूनच गेलं. ती विचारायची, "तुला काय?" तो बुटांकडं बघून म्हणायचा, "सुकी." आणि ती ओली खाता खाता त्याची फिरकी घ्यायची.

त्या ॲनिमेवरून तर रोजच. घोडा झालायस तरी चित्रं कसली बघतोस, त्या पोरी जेवताना एवढ्या का लाजतात, आणि वाऱ्यानं उडायला सगळ्यांचेच केस कसे तयार असतात. तो रागवायचा नाही. एकदाच नीट बोलला. म्हणाला, वडील सुट्टीवर आले की आईशी उसाला पाणी आणि बँकेचं काम, याच्यापलीकडं शब्द बोलायचे नाहीत. पण परत जायच्या आदल्या दिवशी, कुणी न सांगता, तिची तुटकी चप्पल शिवून आणून दारात ठेवायचे.

"आई ती चप्पल लगेच घालायची न्हाई," तो म्हणाला. "दोन-चार दिवस नुसती बघायची. ते मला कळायचं, पण सांगायचं कुणाला? मग कॉलेजात असताना ह्यात बघितलं. हे लोक नुसतं चप्पल ठेवलेली दाखवत्यात… आन् थांबत्यात. घाई करत न्हाईत. आपल्यात तेवढं थांबतं कोण?"

उत्कर्षाच्या हातातली पुरी हातातच राहिली. मग तिनं विचारलं, "आणि ती जांभळी?"

जांभळी म्हणजे तीच, बिननाकाची. तिची बोटभर बाहुली त्याच्या मोटारसायकलच्या किल्लीला लटकलेली असायची. किल्ली टेबलावर ठेवताना तो बाहुलीचं तोंड वर करून ठेवायचा. काचेतून उत्कर्षाला ते दिसायचं, आणि दिसलं की तिचं एखादं माप हमखास चुकायचं. लोकांना ॲनिमे न आवडण्याची कारणं असतात: कुणाला ते डोळे खटकतात, कुणाला ती भाषा, कुणाला वाटतं हे लेकरांचं आहे. उत्कर्षा ही सगळी कारणं बोलून दाखवायची. खरं कारण एवढंच होतं की त्या पोरीकडं तो ज्या नजरेनं बघायचा, त्या नजरेनं या पोरीकडं अजून कुणी बघितलं नव्हतं.

एके दिवशी तो जेवायला गेला तेव्हा ती आत गेली आणि बाहुलीच्या पोटावर लाल लेबल चिकटवून आली.

तो बाहुली घेऊन काचेपाशी आला. "रिजेक्ट? कारण?"

"डोळे मापाबाहेर."

"रिवर्क होईल का? पिवळं?"

"नाही. मुळात कास्टिंगच, साचाच चुकलाय."

तो हसला. लेबल मात्र त्यानं काढलं नाही. ते तिनं लक्षात ठेवलं, आणि त्याचा काय अर्थ लावावा यावर दोन रात्री घालवल्या.

मग साक्षी आली. डिझाइनला शिकाऊ म्हणून. केसांत एक निळी बट, बोलणं गिरणीसारखं, आणि त्या चित्रांतलं तिला सगळं ठाऊक. दोघांची डोकी एका फोनवर वाकली की काचेपलीकडून नुसते हसणारे ओठ दिसायचे. जांभळी निदान चित्रातली होती, तिला घरी नेऊन कुणी कुंकू लावणार नव्हतं. ही चांगली हाडामांसाची होती आणि हिला नाक होतं. चाफेकळी म्हणावं असं.

उत्कर्षानं साक्षीच्या ड्रॉइंगवरून बनलेले तीन भाग विनाकारण परत पाठवले. चौथा खरंच चुकला होता, तेव्हा तिला बरं वाटलं.

त्याच सुमारास सांगलीत एका रविवारी ॲनिमेवाल्या पोरापोरींचा मेळावा ठरला. वेश करून यायचं, चित्रं, बाहुल्या, गाणी. राजवर्धन काचेपाशी आला आणि तिच्या मापपट्टीकडं बघत म्हणाला, "येशील का? वेश नको करायला… नुसतं बघायला."

'हो' तिच्या जिभेवर होतं. पण पाठीमागं साक्षी कुठलंसं गाणं गुणगुणत होती, आणि जिभेनं दुसरंच काढलं.

"मी कशाला? साक्षीला ने की. तिला कळतं सगळं. मला मेलीला नाकं मोजायची सवय."

तो "बरं" म्हणून गेला. त्या 'बरं'नं उत्कर्षाचा अख्खा रविवार खाल्ला. आईनं पोहे दिले, ते गार झाले.

सोमवारी तिला काचेतून जे दिसायचं ते दिसलं. राजवर्धननं पिशवीतून काहीतरी काढलं. कापडाचं छोटंसं मांजर, म्हातारं, अर्धे डोळे मिटलेलं. साक्षीनं ते हिसकावून छातीशी धरलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी ओरडली, "दाई सुकी!" राजवर्धन कानापर्यंत लाल झाला.

बसमधलं मांजर. ते तिला दिलं.

हात धुवायच्या नळावर उत्कर्षानं साक्षीला गाठलं. आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "मघाशी काय गं ओरडलीस? कुठली दाई, आणि ती सुकली कशानं?"

साक्षीला हसून हसून उचकी लागली. "ताई, जपानी आहे ते. दाई म्हणजे लय. सुकी म्हणजे आवडतं. लय आवडतं! आइस्क्रीमलापण म्हणतात."

"माणसाला म्हणत नाहीत?"

"म्हणतात की. पण तेव्हा ओरडून नाही." साक्षीनं पदर नसताना पदर चाचपल्यासारखं केलं, मान खाली घातली. "असं पायाकडं बघायचं. आणि हळूच, एकच शब्द, सुकी. समोरच्याला कळलं तर बरं. नाही कळलं तर बिचारा मालिकेचे पुढचे दहा भाग कुढत बसतो. परत समजावून सांगत नाहीत, लाजतात."

म्हणजे आता हे दोघं एकमेकांना तेच म्हणणार. उत्कर्षानं ओले हात ओढणीला पुसले आणि सुट्टी व्हायच्या आधीच गेटबाहेर पडली. पाऊस भुरभुरत होता. ती तात्याबांच्या पत्र्याखाली जाऊन स्टुलावर बसली. हिशेब साफ होता: वेळेवर 'हो' म्हटलं नाही, आता भरा.

तात्याबांनी कांदा चिरता चिरता मान वर केली. "ताई, आज लवकर? तुमची ओली करतो. आन् सायेबांची सुकीच न्हवं? रोज सुकीच म्हणत्यात."

"हो, सुकी—"

आणि ती थांबली.

तात्याबांची सुरी खटखट चालत होती. बुटांकडं बघून. हळूच. एकच शब्द. आणि आपण काय केलं? वळून भेळ सांगितली. एकदा नव्हे, रोज. तिनं खाली पाहिलं. ती बसली होती ते स्टूल नेहमी पत्र्याच्या कडेला, थेंबांखाली असायचं. ती यायच्या वेळेला मात्र ते आत, कोरड्यात असायचं.

"तात्याबा, हे स्टूल कोण आत सरकवतं?"

"सायेबच. आज तुमी त्यांच्या आधी आला न्हवं, म्हणून मीच सरकिवलं. रोज बगतोय त्यांचं."

गेटातून राजवर्धन येताना दिसला. भिजत, घाई नसल्यासारखा. समोर येऊन उभा राहिला. रविवारचं 'बरं' अजून दोघांच्या मध्ये होतं.

तिनं नेहमीसारखं विचारलं, "तुला काय?"

त्यानं बुटांकडं पाहिलं. जरा वेळ लागला. "सुकी."

या वेळी ती गाड्याकडं वळली नाही. "भेळ," तिनं विचारलं, "का मी?"

भेळ तोंडात नसताना त्याला ठसका लागला. तात्याबांनी न सांगता पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पाठ फिरवून शेवेच्या डब्यात काहीतरी शोधायला लागले.

"तुला… कुणी सांगितलं?"

"साक्षीनं. तिला ठाऊक नाही काय सांगितलं ते." उत्कर्षाचा आवाज वर चढला होता, तो तिनं खाली आणला. "सुकी भेळ तुला आवडते तरी का?"

"घशाला चिकटती. मला ओलीच आवडती."

"मग एवढे दिवस?"

"तू आणून द्यायचीस," तो म्हणाला.

पत्र्यावर थेंब वाजत होते. तिला हसायचं होतं आणि रडायचंही होतं, पण आधी एक गोष्ट तपासायची राहिली होती. "ते मांजर तिला दिलंस."

त्यानं खिशातून मांजर काढलं. अर्धे डोळे मिटलेलं, जरासं ओलं. "परत मागून घेतलं. तुझंच हाय. काल मेळाव्यात घेतलं, दिवसभर पिशवीत घेऊन हिंडलो, साक्षी म्हणाली तोंड असं का पाडलंय."

मांजर हातात घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि तिथंच घुटमळली. "आता नीट सांग," ती म्हणाली. "जपानीत नको. कोरेगावच्या भाषेत."

त्यानं श्वास घेतला. सोडला. परत घेतला.

"दहा भाग लावू नकोस. सुट्टी संपेल."

"लय आवडतीस," तो एकदम म्हणाला. "बसमध्ये बाटली पुढं केलीस, तवापासनं."

मापात बसणाऱ्या, न बसणाऱ्या किती गोष्टी तिनं आजवर हाताखालून घातल्या होत्या. ही अशी सरळ येऊन तळव्यावर बसली. तरी मत्सर ही काही एका दमात जिरणारी चीज नव्हे. त्याच्या बोटात किल्ली होती, किल्लीला ती जांभळी होती, पोटावर लाल लेबल तसंच.

"हिच्यापेक्षा?"

तो विचारात पडला. इतका वेळ, की उत्कर्षाच्या भुवया चढायला लागल्या.

"तिला नाक न्हाई," तो म्हणाला.

तात्याबांना अखेर शेवेच्या डब्यात शोधण्यासारखं काही उरलं नाही. ते वळले. "मग सायेबांना काय देऊ, ताई?"

"त्यांना ओली द्या. चिंचेचं पाणी जास्त घालून."

"आन् तुमाला?"

उत्कर्षानं आपल्या चपलांकडं पाहिलं. चपला भिजल्या होत्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तरी ती तिकडंच बघत राहिली, आणि हळूच, एकच शब्द म्हणाली.

"सुकी."

राजवर्धन कानापर्यंत लाल झाला. तात्याबांनी मात्र चिंचेचं पाणी बाजूला सारलं आणि मन लावून सुकी कालवायला घेतली. कांदाही सढळ हातानं घातला. ती तिला शेवटच्या दाण्यापर्यंत खावी लागली.