अर्धा-अर्धा इलाज

दवाखान्यातल्या त्या बाकावर बोलायला मनाई होती. प्रेशर मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हा सिस्टरांचा दंडकच.

तेवढ्यात तो जिना चढून धापा टाकत आला. बाक कुरकुरलं.

"लिफ्ट आहे हो," शेजारी बसलेली ती न राहवून पुटपुटली.

"मी व्यायामवाला! रोज तासभर चालतो."

"आणि नंतर?"

"नंतर... भूक लागते ना!"

ती खुदकन हसली.

"गप्प बसा!" आतून सिस्टर कडाडल्या.

तो एकटा राहणारा बसचालक. प्रेशरमुळे त्याला सध्या बसवरून उतरवलं होतं. दीड महिन्यात ते खाली आलं नाही, तर बस कायमची जाणार होती. ती घरी शिवणकाम करून लेकीला एकटीनं वाढवत होती. मीठ-तेल बेतानंच खायची, पण दिवसभर मशीनवरून उठायची नाही. वजन ढिम्म हलत नव्हतं. 'मला काही झालं तर सहा वर्षांच्या लेकीचं कोण?' या विचारानं तिची झोप उडायची.

"दोघंही अर्धाच इलाज करताय," डॉक्टरबाईंनी सुनावलं. "आहार आणि व्यायाम, दोन्ही हवेत."

मग ठरलं. सकाळी लेक शाळेत गेली की त्यानं तिला बागेत चालवायचं, तिनं त्याचा डबा करायचा.

"मीठ विसरलात?" पहिल्याच दिवशी त्यानं तोंड वाकडं केलं.

"लपवलंय. शोधा."

चालताना ती थांबली, की तो विचारायचा, "दमलात?"

"छे! पावलं मोजत होते..."

"किती झाली?"

"तुम्ही बोललात – विसरले!"

तो हसत पाऊल आखूड करायचा. फेऱ्या वाढत गेल्या. तिच्या ब्लाउजला दोनदा आतून टीप मारावी लागली, त्याचा पट्टा दोन भोकं आत सरकला. दोघांचे आकडे हळूहळू उतरू लागले... आणि ती मात्र उरलेल्या सकाळी मोजू लागली. त्याची बस त्याला मिळायलाच हवी होती. पण मिळाली, तर या सकाळी संपणार होत्या.

शेवटच्या तपासणीला ती देवाजवळ नेमकं काय मागावं, हेच ठरवू शकली नाही.

"एकशे अठ्ठावीस!" त्याचं प्रेशर मोजून सिस्टर पहिल्यांदाच हसल्या.

"अभिनंदन," ती म्हणाली आणि उगाच पर्स चाचपत जिन्याकडे वळली.

तो मागोमाग आला. "डेपोत आधीच दुपारची पाळी मागून ठेवलीय. कमी भत्ता मिळेल, पण... सकाळ मोकळी राहील."

"कशासाठी?"

"तुमच्याबरोबर चालायला. रोज. आयुष्यभर... असं काही म्हणत नाही मी, पण –"

ती वळली. डोळे भरलेले, ओठांवर हसू.

"का नाही म्हणत?"