जांभुळबोडीची वाट

“सरळच जाता का मग, मॅडम? पोहणं येते ना?”

तो आवाज रुचिताच्या कानात अजून तसाच होता. मागून आलेला, हसू दाबून धरलेला. जांभुळबोडीच्या तळ्याच्या पाळीवर पाय ठेवला, आणि तो जसा काही पाण्यावरून चालत आला... तिने उगाच मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या, आणि त्यांच्यावर गोधडीसारखं पसरलेलं धुकं.

त्या दिवशी मात्र मागे तो होता.

तेव्हा ती तुमसरला बँकेत नवीनच लागली होती. मूळ गाव एकोडी, इथे खोली भाड्याची, आणि रविवार असा लांबलचक की संपता संपू नये. एक दिवस आंधळगावचे लक्ष्मणराव गुरुजी बँकेत आले. भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पदरमोड करून छापलेलं आपलं पुस्तक त्यांनी प्रत्येक टेबलावर एकेक ठेवलं, जसा काही प्रसादच वाटतात. ‘सूर्य मावळायच्या आत : भंडारा जिल्ह्यातल्या एका दिवसाच्या पायवाटा’. रुचिताने ते सहज उघडलं. प्रत्येक वाटेखाली लिहिलेलं – सावली किती, पाणी कुठे, चढ कसा. अंबागडच्या पानावर तर गुरुजींनी बजावलंच होतं : ‘चढ आहे म्हणून लेखकास दोष देऊ नये.’ ती खुदकन हसली. आणि पुढच्याच रविवारी भाकर बांधून निघाली.

पहिली वाट निवडली ती सोपी पाहून. जांभुळबोडी. ‘चढ नाही. सावली भरपूर. ऐनाच्या मोठ्या झाडाजवळ वाट फुटते, तिथे डावी धरावी आणि सरळ चालत राहावे.’ ती सरळ चालत राहिली... आणि समोर पाणीच पाणी! थेट पलीकडच्या जांभळीपर्यंत निळंशार पाणी, वर कमळाची पानं, त्यावर टुणटुण उड्या मारणारे पाणपक्षी. पुस्तक म्हणत होतं, सरळ.

तेव्हाच तो आवाज आला.

तिने रागाने वळून पाहिलं. तिच्याच वयाचा, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. आणि त्याच्या हातात – तेच पुस्तक. पण फुगून दुप्पट झालेलं, पानं पापडासारखी वाकडी.

“हसता काहून?” ती म्हणाली.

“तुमच्यावर नाही हसून राहिलो. मागच्या रविवारी मी सरळच गेलो होतो ना... गुरुजीवर भरोसा ठेवून. कमरेपर्यंत गेलो, मंग समजलं.”

“काय समजलं?”

“मास्तर माणूस वाटा हिंडन कधी? मे महिन्याच्या सुट्टीत! मे महिन्यात बोडी कोरडी ठाक. बुढ्यानं साऱ्या वाटा तळ्याच्या पोटातून काढून ठेवल्या.”

ती हसली. इतकी हसली की पाणपक्षी उडाले. तोही हसला, आणि म्हणाला, “मी अश्वजित. चिखल्याच्या खाणीत आहो. सहा दिवस जमिनीच्या पोटात असतो, म्हणून रविवारी आभाळ पाहाले निघतो.”

अशी ओळख झाली. पुस्तकातल्या चुकीने करून दिलेली.

मग तो सगळा हिवाळा त्या पुस्तकाने चालवला. शनिवारी संध्याकाळी फोन यायचा, “बोला मॅडम, कोणतं पान?” एक रविवार तिच्या पसंतीचा, एक त्याच्या. तिला तळी हवी असायची, त्याला चढ. ती आधी सावली वाचायची, तो आधी उंची. निघायच्या आधी ते गुरुजींच्या वाटेवर वाद घालत, कुठे पाणी आडवं येईल ते हेरत, पाळीवरून वळसा घेत. गायमुखच्या पानावर ‘एकट्याने जाऊ नये’ असं लिहिलं होतं. ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आभाळाकडे पाहत म्हणाला, “आता गुरुजीच म्हणतात तर...”

“गुरुजी तर सरळ पाण्यातही जा म्हणतात!”

“गेलो असतो. तुम्ही म्हटलं असतं तर.”

तो तिला ‘मॅडम’च म्हणायचा, चिडवायला म्हणून धरलेलं ते नाव मग सुटलंच नाही. ती त्याला ‘तू’ म्हणायची. भाकरीबरोबरची लाखोळीच्या डाळीची वडी तो तिच्या डब्यातून न विचारता उचलायचा, आणि चढावर तिची पिशवी न सांगता घ्यायचा. तेवढंच. हात लागला तर दोघंही झाडं पाहायचे.

जंगलातली एक रीत त्याने तिला शिकवली होती. वाट जिथे फुटते तिथे पुढे गेलेल्या माणसाने चुकीच्या वाटेवर आडवी डगाल टाकायची. पानांची हिरवी फांदी, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर दगड. मागून येणाऱ्याला कळतं, इकडे यायचं नाही. “तेंदूपत्ता तोडाले जायचे ना माझे बाबा, ते सांगत,” तो म्हणाला होता. “डगाल टाकली असली की ओलांडायची नाही. टाकणाऱ्याले काहीतरी माहीत असते.” मग तीही टाकू लागली. पण दगड ठेवायचा हमखास विसरायची. तो मागून येऊन ठेवायचा, आणि म्हणायचा, “मॅडमची डगाल! वाऱ्याले आवडते.”

माघ सरत आला, मोहाची पानं गळू लागली, आणि तिच्या बदलीचा हुकूम आला. कोल्हापूर. बढतीवर.

तो रविवार अंबागडचा होता. पडक्या बुरुजावर दोघं बसले होते. खाली रानात पळस नुकता पेटायला लागला होता. हुकुमाचा कागद तिच्या पिशवीत होता, आणि पिशवी त्याच्या खांद्यावर.

“मॅडम... एक विचारू का?” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. “विचार ना.”

तो बराच वेळ बुरुजाच्या दगडावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, “पाणी... उरलं का बाटलीत?”

“उरलं,” ती म्हणाली. आणि तीही तेवढंच म्हणाली.

एकोडीला धानाच्या रोवणीच्या वेळी बायका एक गाणं म्हणत. लहानपणी चिखलात उभ्या उभ्या तिने ते ऐकलं होतं, अर्थ मात्र आता कळला –

*तळ्याचं गं पानी, पाळीनं अडवलं,*
*मनातलं बोलनं, व्हटानं दडवलं...*

पुढच्या रविवारी पुन्हा जांभुळबोडी ठरली. दोघं आपापल्या बाजूने येऊन ऐनाच्या झाडापासून पुढे जाणार होते, तळ्याशी भेटणार होते. ती लवकर पोचली. झाडाखाली उभी राहिली, आणि मनात काय आलं कुणास ठाऊक. पोरीचं मन म्हणजे पाण्यातलं कमळ, ओढावं तर देठ तुटतो. त्याने कधीच काही म्हटलं नाही. आपणच का आधी म्हणायचं? तोंडाने नाही बोलला तर नाही, पायांनी तरी बोलेल... तिने पळसाची एक फांदी मोडली आणि तळ्याकडच्या वाटेवर आडवी टाकली. ओलांडून आला, तर सगळं सांगायचं. बदली, कोल्हापूर, आणि ते दुसरंही. नाहीच आला, तर देवाघरचं उत्तर समजायचं.

ती तळ्याशी जाऊन बसली. ऊन पाण्यावरून सरकत गेलं. पाणपक्षी आले, गेले.

तो आला नाही.

शनिवारचा फोनही मग आला नाही. आणि तिनेही केला नाही, कारण डगाल तिनेच टाकली होती ना! आठवडाभरात ती कोल्हापूरला गेली. तिथे डोंगर खूप होते. पण पुस्तक नव्हतं, आणि कोणतं पान, म्हणून विचारणारंही कुणी नव्हतं.

आता, दोन वर्षांनी, ती सुट्टीवर आली होती, आणि गुरुजींनी फोन करून बोलावलं होतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती, हिवाळ्यातल्या वाटांसकट. “माझ्या चुका ज्यांनी पायाने मोजल्या, त्यांनीच सुधारून द्याव्या,” असं म्हणाले होते. मग सहज म्हणाले, “अश्वजितही येऊन राहिला. त्याचं लगन ठरलं, माहीत असनच तुले.”

नव्हतं माहीत. ‘हो,’ ती म्हणाली होती.

“जयभीम, मॅडम.”

या वेळी आवाज खरा होता. धुक्यातून तो आला, थोडा भरलेला, मिशी ठेवलेली. हातात तेच फुगलेलं पुस्तक.

“जयभीम,” ती म्हणाली. “अजून वाळलं नाही का ते?”

“वाळलं. पण सरळ नाही झालं.”

दोघं हसले. मग त्याने पुस्तक बगलेत धरलं.

“पुढच्या महिन्यात लगन आहे माझं,” तो म्हणाला. “खुशबू नाव आहे. साकोलीची.”

“गुरुजी बोलले. चांगली आहे?”

“चांगली आहे. बोलते खूप. जे असन ते तोंडावर.”

“बरं आहे,” ती म्हणाली. “जंगलात येते का तुझ्यासंगं?”

“नाही येत. चप्पल चावते म्हणते.”

रुचिता हसली. पण त्या ‘तोंडावर’ या शब्दापाशी तिच्या आत काहीतरी रुतून बसलं, काढता येईना. ती ठरवून आली होती, काही बोलायचं नाही. ज्याचं घर आता बांधलं जातंय, त्याच्या दारात आपण जुनी माती कशाला न्यायची?

गुरुजी पाळीच्या दुसऱ्या टोकाला काठीने पाण्याची खोली पाहत होते. ते दोघं ऐनाच्या झाडापर्यंत चालत आले. वाट तशीच फुटत होती.

“इथं डगाल होती त्या दिवशी,” तो हळूच म्हणाला.

तिचे डोळे डाव्या वाटेवर गेले.

“पळसाची. फुलंही होती तिच्यावर दोन-चार. मी आधी म्हटलं, कोण्या लाकडं तोडणाऱ्यानं टाकली असन. मंग पाहिलं... तर दगड नव्हता.”

ती वाटेकडेच पाहत राहिली.

“मले तेव्हाच समजलं, मॅडमची डगाल आहे. लय वेळ उभा राहिलो इथं. एक पाय उचलला पण होता. पण बाबाचं ऐकून मोठा झालो ना... टाकणाऱ्याले काहीतरी माहीत असते. म्हटलं, इकडे नको येऊ म्हणतात मॅडम, तर जबरदस्ती कायले? मीच दगड ठेवला तिच्यावर, उडू नये म्हणून. अन् घरी गेलो.”

दगड त्याने ठेवला होता! तिच्याच नकारावर. तिच्या डोळ्यांसमोर तो वाकलेला दिसला, दगड शोधणारा, नीट ठेवणारा... आणि पलीकडे, झाडांच्या आड, पाण्याकडे तोंड करून बसलेली ती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. इतकं जवळ.

“अरे पोरांनो!” गुरुजींनी ओरडून विचारलं, “सरळ लिहू, की पाळीवरून वळसा लिहू?”

“वळसा लिहा, गुरुजी!” तो ओरडला. मग तिच्याकडे वळला. आणि आजवर न घेतलेलं नाव त्याने घेतलं.

“रुचिता... तू काहून टाकली होती?”

‘काही नाही, चल, गुरुजी बोलावतात’ – हे शब्द ओठांवर तयार होते. नेहमीसारखे. बाटलीत पाणी उरल्यासारखे. तिने ते गिळले.

“मले आता काही मागायचं नाही, अश्वजित,” ती म्हणाली. “खुशबूले सुखात ठेव. तिच्याशी बोलत राहा... आपल्यासारखं नको करू. पण ती डगाल तू नको म्हणून नव्हती टाकली मी. तू ओलांडून यावं म्हणून टाकली होती. मी तिथंच होती, डगालीच्या त्या बाजूले, तुझी वाट पाहत. मले तू पाहिजे होता. गुरुजीच्या पुस्तकाचा नियम मी एकदाच मोडला – त्या दिवशी सूर्य मावळला, तरी मी बसूनच होती.”