डोंगरवाल्याची बॅग

आधी त्याचा खांदा दुकानात शिरला, मग तो. उजवा खांदा असा खाली ओघळलेला, की मला वाटलं, माणूस काहीतरी शोधत वाकलाय.

"कॅमेऱ्यासाठी बॅग हवी होती. डोंगरातले फोटो काढतो. दिवसदिवस चालावं लागतं."

"आणि एका खांद्याला हे काय लटकवलंय? बाजारात निघालात की डोंगरात?"

तो हसला. केस पांढरे, हसू मात्र पोरसवदा. शिलाई मशीनमागून सुनेने माझ्याकडे डोळे वटारले. वटारू दे. तीन पोरं आणि हे बॅगांचं दुकान एकटीने उभं केलंय मी. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते कालच्या सुनेने शिकवू नये.

"वजन खांद्यावर नाही, कमरेवर बसलं पाहिजे," मी म्हटलं. "जड लेन्स पाठीला चिकटून. आणि बॅग पाठीच्या बाजूने उघडायची, म्हणजे चिखलात आडवी टाकली तरी पाठ कोरडी राहते. वळा, माप घेते."

टेप कमरेला लावली, तर हा ताठ.

"श्वास घ्या की."

"घेत होतो... तुम्ही जवळ आलात आणि राहिला."

चोपन्नाव्या वर्षी माझे कान तापले. मेला.

आमच्याकडे रीत आहे. बॅगेत स्वतःचं सगळं सामान भरायचं, समोरचा जिना तीनदा चढायचा-उतरायचा. दुखलं तर पुन्हा शिवायची. तो चार आठवडे येत राहिला. कधी पट्ट्यातला फोम कमी, कधी कप्पा अरुंद. खोड्या अर्ध्या त्याच्या, अर्ध्या माझ्या.

मग एकदा चहाचा कप फिरवत म्हणाला, "डॉक्टरने शेवटचं सांगितलंय. ह्याही बॅगेने खांदा दुखला तर डोंगर बंद. इथेच खोली घेईन, भाच्याच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढीन. रोज चहाला येईन... चालेल?"

"आणि नाही दुखला तर?"

"तर लांब जायचंय. खूप लांब. परतायचं वय राहील की नाही, कोण जाणे."

त्या दुपारी मी कमरेचा पट्टा दोन बोटं वर शिवला, वजन पुन्हा खांद्यावर यावं असा. शिवण सरळ आली, हे आणखी वाईट.

तो तीनदा जिना चढला. खाली येऊन बसला, खांदा दाबत. "दुखतंय," एवढंच म्हणाला. मग एकेक लेन्स काढून माझ्या टेबलावर ठेवू लागला, पुसून, हळूच. मी जिंकले होते. पण तो चेहरा... नवरा गेला त्या दिवशी आरशात पाहिला होता मी तो.

"द्या इकडे ती बॅग."

"राहू द्या आता."

"द्या म्हणते ना. पट्टा दोन बोटं वर शिवलाय मी. मुद्दाम."

सुनेची मशीन थांबली.

"का?" त्याने विचारलं.

"रोजच्या चहासाठी."

त्याने पट्ट्यावरून बोट फिरवलं. "मग असाच राहू द्या पट्टा. मी थांबतो."

"आणि रोज हे तोंड घेऊन समोर बसणार? नको मला तसला पाहुणा."

"मग तुम्ही चला."

"माझ्या गुडघ्यांना विचारा आधी. हा जिना चढवत नाही मला, तुमचे डोंगर कुठले..."

मी पट्टा उसवला, जागेवर शिवला. तो लेन्स परत भरून पुन्हा तीनदा चढला. शेवटच्या खेपेला सावकाश उतरला, दोन्ही खांदे सारखे.

"नाही दुखत," म्हणाला — माफी मागावी तसं.

दारात थबकला. "काही उसवलं, तर दुरुस्तीला आणीन."

"आणा."

कोपऱ्यापर्यंत त्याची पाठ दिसत होती. सरळ, तरुण माणसाची असावी तशी. सून हळूच जवळ आली. पहिल्यांदाच तिचा हात माझ्या पाठीवर.

"येतील हो आई परत."

"कशाला येईल? दुहेरी शिवण घातलीय मी. जन्मात उसवायची नाही."