दहा मीटरच्या आत

लोणावळ्याच्या बाजारात वाहिद अत्तारचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं रस्त्यावर छत्री धरून उभं राहायचं. पण वाहिदचा तोरा असा, की फोन जणू त्यानंच शोधून काढला. पावसाळा हा त्याचा हंगाम. धरणावर भिजायला आलेली मंडळी पाण्यानं गच्च झालेले फोन घेऊन संध्याकाळी त्याच्याकडे येत. कुणी म्हणालं, "तांदळात ठेवला होता," की हा म्हणायचा, "मग तांदळाचा भात लावा आणि फोन इकडे द्या."

आवाजाच्या दुखण्यात तर त्याचा हात धरणारा मावळात कुणी नव्हता. "आवाज हरवत नसतो," तो म्हणायचा. "तो कुठेतरी जातच असतो. कुठे जातोय तेवढं शोधायचं."

हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. ते त्याला एकदा फार महागात पडलं.

श्रावणातली दुपार होती. धुकं असं उतरलं होतं की समोरचं चिक्कीचं दुकान दिसेना, नुसता त्याचा पिवळा दिवा दिसत होता. वाहिदनं डबा उघडून पहिला घास घेतला, तेवढ्यात औंढ्याच्या नंदाबाई दारात आल्या. साठीच्या बाई, पदर डोक्यावर, अंगावर प्लॅस्टिकची खोळ. त्यांचा फोन तीन पिशव्यांत गुंडाळलेला होता. वाहिद त्यांना ओळखत होता. दोन वर्षांपूर्वी हा फोन त्यांनी त्याच्याच सल्ल्यानं घेतला होता.

"वाहिदभाऊ, जेव तू आदी."

"जेवण होतंय, मावशी. काय झालंय याला?"

"आवाज येत न्हाई. म्हंजी समद्यांचा येतो. फकस्त कोमलचा येत न्हाई."

कोमल ही त्यांची एकुलती लेक, तळेगावला कारखान्यात कामाला. दिवस भरले होते आणि त्या सकाळीच तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. कळा सुरू झाल्या की ती फोन करणार आणि मग नंदाबाईंनी म्हशी शेजारणीवर सोपवून निघायचं, असं ठरलेलं.

"दोन म्हयनं झालं," नंदाबाई म्हणाल्या. "तिचा फोन आला की नुसतं सुन्न. मी आपली हॅलो हॅलो करत ऱ्हाते. आज तरी मला तिचा आवाज ऐकू येऊ दे, बाबा. पयलं बाळंतपण हाय तिचं."

वाहिदनं डबा बाजूला सारला. बाईंचा चेहरा पाहून त्याला खरोखरच वाईट वाटलं, पण काळजी अजिबात वाटली नाही. त्यानं आपल्या फोनवरून नंदाबाईंना फोन लावला आणि बाहेर उभा राहून बोलला. आवाज खणखणीत. ब्रशनं स्पीकरची जाळी साफ केली, माइकचं भोक फुंकलं, नंदाबाईंना चार शब्द बोलायला लावून ते परत ऐकवले. कोमलचा नंबर ब्लॉक झालाय का ते पाहिलं. ब्लूटूथ बंद होतं. सगळं जागच्या जागी होतं.

"फोन ठणठणीत आहे. दोष कोमलच्या फोनमध्ये असणार."

"तिनं नवा घेतला. तरी त्येच." नंदाबाई जरा घुटमळल्या. "आन तिला बी माजा आवाज जात न्हाई. जावई आकाशराव सांगत हुते, कोमलला नुसती तडतड ऐकू येती. ती म्हंती, आई चुलीपाशी बसून बोलती का काय. माज्याकडं तर दोन वर्सं झाली गॅस हाय."

"तडतड म्हणजे ओल शिरलीय. दहा मिनिटं द्या मला," वाहिद म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

तेवढ्यात फोन वाजला. कोमलचाच होता.

वाहिदनं स्वतः उचलला आणि कानाला न लावता डोळ्यांसमोर धरला. सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे पलीकडे माणूस होतं. आवाज मात्र नाही. सुन्न हा नंदाबाईंचा शब्द बरोबर होता. बिघडलेल्या फोनमध्येही थोडी खरखर असते. इथे तीही नव्हती. मग त्याचं लक्ष वर कोपऱ्यात गेलं. त्यानं आत्ताच बंद पाहिलेलं ब्लूटूथ चालू झालं होतं. तिथे निळी खूण होती.

फोन कट झाला. दुकानात कसलातरी वास आला, तुपाचा आणि ओल्या लाकडाच्या धुराचा. वाहिदनं सोल्डरिंगची सळई पाहिली. ती बंद होती.

"सापडलं!" तो म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. "आवाज ब्लूटूथवर जातोय. दुसऱ्याच यंत्रात. हे बघा, नावही आहे. 'आबा, डावा कान'. बॅटरी एक्केचाळीस टक्के. मालकांचं कानाचं मशीन ना हे?"

नंदाबाईंनी हातातली कापडी पिशवी छातीशी ओढली.

"पिशवीत राहिलं असेल. ब्लूटूथ दहा मीटरच्या पुढे चालत नाही, मावशी. मशीन दहा मीटरच्या आतच आहे."

त्यानं पिशवी ओतली. पाकीट, तंबाखूची डबी, बाळंतविड्याच्या सुपाऱ्या, घराची किल्ली. मशीन नव्हतं. मग तो फोन घेऊन एकटाच रस्त्यावर गेला. पंधरा पावलांवर धुक्यात निळी खूण विझली. परत फिरला. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला, नंदाबाई समोर स्टुलावर बसलेल्या दिसल्या, आणि खूण पुन्हा लागली.

"तुमच्यापाशीच आहे," वाहिद म्हणाला. "पदरात वगैरे बांधलंय का?"

"वाहिदभाऊ," नंदाबाई अगदी हळू म्हणाल्या, "ते मशीन जळालंय… मीच जाळलंय."

वाहिदनं हातातला फोन टेबलावर ठेवला.

त्यांचे मालक दत्तोबा वैशाखात गेले. मशीनशिवाय ठार बहिरे. मशीन कोमलनं पहिल्या पगारातून पाठवलेलं, त्यावर नावही तिनंच घातलेलं. पण पुढे कोमलनं विचारल्याशिवाय आकाशशी लग्न केलं आणि म्हाताऱ्यानं बोलणं टाकलं. तीन वर्षं. बाकी सगळं जग त्या मशीनमधून ऐकायचा. कोमलचा फोन आला की कानातून मशीन काढून मुठीत धरायचा आणि गोठ्याकडे निघून जायचा.

"मयताच्या येळी मी ते त्यांच्या कानात घातलं," नंदाबाई म्हणाल्या. "कुणाला दिसू दिलं न्हाई. मला वाटलं, दहाव्याला लोक पिंडापाशी बोलत्यात, हे करू, ते करू. ह्यांला ऐकू नगं का यायला? न्हाईतर कावळा शिवायचा कसा?"

"शिवला?"

"दोन तास न्हाई. म्हशीचं बोलले. जमिनीचं बोलले. दिरानं देवदर्शनाचं कबूल केलं. कावळं झाडावर बसून ऱ्हायलं, एक खाली आला न्हाई. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

"आणि कोमलचं?"

नंदाबाईंनी मान खाली घातली. "दीर हुते, भावकी हुती… म्या तोंड उघाडलं न्हाई."

टेबलावरच्या फोनमध्ये निळी खूण तशीच होती. बॅटरी आता चाळीस टक्के होती. वाहिद टेबलापासून एक पाऊल मागे सरला. पण माणूस कामाचा होता आणि कामाला उत्तर असतं यावर त्याचा भरवसा होता. त्यानं खुर्ची ओढली.

"हे बघा, मावशी. आता ते मशीन कुठं आहे, कसं आहे, हे मी विचारत नाही. माझं काम आवाज परत आणायचं. या नावावर बोट दाबायचं. खाली येतं, 'विसरा'. ते दाबलं की फोन या मशीनला कायमचा विसरतो. मग कोमलचा आवाज सरळ तुमच्या कानात. दाबू?"

त्याचं बोट काचेपासून करंगळीइतकं दूर होतं. नंदाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"मंग त्यांला ऐकू येनार न्हाई."

"मावशी…"

"जित्तेपनी ऐकलं न्हाई तिचं. आता ऐकत्यात. दोन म्हयनं ऐकायलेत, मला बी न देता." त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "एक डाव थांब."

फोन वाजला. कोमल.

नंदाबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि तोंडाजवळ धरला. "कोमल, तू बोल. मला ऐकू येत न्हाई, तुला बी माजं येत नसंल. पर आबा ऐकत्यात. त्यांला सांग काय ते." मग जरा थांबून त्या वेगळ्याच सुरात म्हणाल्या, घरात दुसरं कुणी नसताना नवऱ्याशी बोलावं तसं, "अवो… पोरीचं आन तिच्या लेकराचं मी बगीन. घरात घीन दोघांला. भावकीला काय म्हनायचं ते म्हनू द्या. आता तरी शिवा…"

सेकंद सरकत होते. एक मिनिट. दोन. धुराचा वास दाटला, इतका की वाहिदच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता ती तडतड त्यालाही येऊ लागली. फोनमधून नव्हे. नंदाबाईंच्या डाव्या खांद्याच्या मागून.

दुकानाच्या पत्र्यावर काहीतरी टपकन बसलं. दारातून एक कावळा आत आला. वाहिदच्या उघड्या डब्यातल्या भाताला त्यानं चोच लावली, एक घास घेतला आणि धुक्यात निघून गेला.

तडतड थांबली. आणि फोनचा स्पीकर एकदम मोठ्यानं बोलू लागला.

"…आई? ऐकतेस ना? अगं बोल की! आत न्यायला आलेत मला. तू निघ आता!"

"निगाले, बाय माजी!" नंदाबाई ओरडल्या. "निगाले बग!"

निळी खूण गेली होती. नंदाबाईंनी शेजारणीला फोन करून म्हशी सोपवल्या, वाहिदनं शटर ओढलं आणि त्यांना स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. जाताना त्यानं विचारलं, नाव यादीतून काढून टाकू का. "असू दे," नंदाबाई म्हणाल्या. "नुसतं नाव तर हाय." मग पुन्हा काही झालं तर कुठे दाबायचं हे त्यानं त्यांना दोनदा दाखवलं. बाईंना वाचता येत नव्हतं, पण खूण आणि जागा त्यांनी ध्यानात ठेवली.

परत येऊन त्यानं डबा घासला आणि भात बाहेर टाकला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. आवाज कुठे जातोय ते त्यानं शोधलं होतं, आणि ज्याला द्यायचा त्याला मिळालाही होता. असलं काम आख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणी केलं नसेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नंदाबाईंचा फोन आला. आवाज खणखणीत.

"मुलगी झाली, वाहिदभाऊ! दोगी बी ठीक हायेत."

"मुबारक, मावशी! फोन काय म्हणतोय?"

"फोन झ्याक हाय. कोमलचा आवाज येतो." त्या थांबल्या. "पर ती निळी खून आलीया परत."

वाहिद हसला. "दवाखान्यात कुणाचं तरी मशीन पकडलं असेल. बॅटरीचा आकडा वाचता येतो ना? किती आहे?"

"एक… आन त्याच्या म्होरं दोन शून्य."

वाहिदचं हसू तोंडावरच राहिलं. "मावशी, स्पीकर चालू ठेवा आणि फोन घेऊन खोलीच्या बाहेर जा. पार जिन्यापर्यंत."

चपला वाजत गेल्या. "गेली खून."

"म्हणजे तुमच्यापाशी नाही. आता परत या. खिडकीपाशी जा."

"न्हाई आली."

"कोमलच्या खाटेपाशी?"

"कोमल न्हाई हितं, तपासायला नेलीया. तिच्या खाटंपाशी बी न्हाई." पुन्हा चपला वाजल्या. मग त्या वाजायच्या थांबल्या. "आली."

"कुठे आहात?"

"पाळन्यापाशी."

वाहिद उभा राहिला. कशाला उभा राहिला ते त्याला कळलं नाही. "खोलीत अजून कोण आहे?"

"कुनी न्हाई. मी आन ही." नंदाबाईंचा आवाज खाली गेला. "जागी हाय. रडत न्हाई. कितीबी येळा डावी बाजू खाली करून निजवली तरी वळती… डावा कान वरच करती."

"मावशी…"

"मला भ्या वाटाया लागलंय, वाहिदभाऊ. तू दावलं तितं बोट ठिवलंय मी. त्ये 'विसरा' खाली आलंय. दाबू का?"

जे बटण तो शेकडो वेळा बेफिकीरपणे दाबत आला होता, ते दाबल्यावर तिकडे कोण काय विसरेल, याचं उत्तर वाहिद अत्तारकडे नव्हतं.

"बोट काढा," तो म्हणाला. "मावशी, आधी बोट काढा! कशालाही हात लावू नका. मी येतोय. ऐकताय ना?… मावशी?"

पलीकडून चुलीपाशी कुणी बसल्यासारखी नुसती तडतड येत राहिली.