त्रिकोणी घडी

अलेक्झांड्रियात, करमूझच्या गल्लीत, अवदने गटारात आधी सलाम टाकला. खाली कुणी जिन-बिन असेल तर त्याने बाजूला व्हावं, अशी इथली रीतच. मग पहारीने झाकण उचकटलं. सडक्या अंड्यांचा वास भसकन वर आला.

उतरायचं होतं बयूमीला. गेल्या महिन्यात याच भोकात त्याचा थोरला भाऊ शाझली गुदमरून मेला होता. आणि अहवालात काय आलं? मजुराचा निष्काळजीपणा! अवदचं डोकं अजून भणभणत होतं. अहो, जेवण झाल्यावर पावाच्या पिशवीचीसुद्धा त्रिकोणी घडी करून खिशात ठेवणारा माणूस तो. निष्काळजी म्हणे!

लुत्फी साहेबांनी वायुमापक पुढे केला. कोरा करकरीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

"साहेब, पिशवी काढा की. त्याला हवा कशी लागणार?"

"माझ्या सहीवर आलंय ते यंत्र. घाण लागली तर माझ्या पगारातून कापतील. तुझा बाप भरणार का?"

अवद थबकला. "त्या दिवशीपण पिशवीतच होतं?"

साहेब घड्याळाकडे बघत राहिले.

"बोला ना! पिशवीतच होतं?"

"वेळ घालवू नकोस. सोड खाली."

अवदच्या अंगाची लाही लाही झाली. एका पिशवीपायी शाझली गेला, आणि आता त्याच पिशवीच्या भरवशावर त्याच्या भावाला उतरवायचं! पण हुकूम साहेबांचा, आणि यंत्राचा दोर अवदच्या हातात. दात-ओठ खात त्याने यंत्र खाली सोडलं. तळाशी हिरवा दिवा शांत दिसत होता.

"बघ, हवा स्वच्छ आहे," साहेब म्हणाले. "उतर रे."

बयूमीने भिंतीतल्या पहिल्या लोखंडी कडीवर पाय ठेवला.

दोराला हिसका बसला. थांबून आणखी एक.

दोन हिसके म्हणजे 'वर ओढ'. पण खाली कुणीच नव्हतं.

अवदने बयूमीची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. "चल हट! कुणी उतरणार नाही."

मग दोर ओढला. खालून कर्कश शिट्टी चढत आली. यंत्र उघडंवाघडं, लाल दिव्याने किंचाळत होतं.

"पिशवी कुठंय?" साहेब ओरडले. "अरे, पिशवी कुठंय?"

बयूमीने बोट दाखवलं.

ती दोराच्या गाठीखाली खोचलेली होती. त्रिकोणी घडी करून. कोरडी ठणठणीत.