दुसरं बोट

रुग्णालयात तिला सगळे पुरावाबाई म्हणत, आणि तिला ते मनातून आवडायचं. संगणक विभागाची प्रमुख ती. मागे कुणीतरी रुग्णांच्या नोंदी पळवल्या, तेव्हापासून तिनं नियमच केला: आतला असो की बाहेरचा, विश्वास कुणावरच नाही. दर दाराला, दर वेळी बोट टेकवून ओळख पटवायची. कायमच्या परवानग्या तर तिनं झाडून सगळ्या रद्द केल्या.

"अहो, तुम्ही सासूलाही उंबऱ्यावर उभी कराल!" पहारेकरीकाका म्हणायचे.

"सासूला आधी," ती हसायची.

त्या दुपारी तिची थोरली बहीण शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. आई गेल्यावर पुरावाबाईला वाढवलं ते या ताईनंच. रक्त थांबेना. रक्तपेढीचा माणूस नेमका जेवायला गेलेला, म्हणून ती स्वतःच धावली. थंडगार खोली, फ्रिजची घरघर, औषधाचा उग्र वास. रक्ताची पिशवी घेऊन तिनं आतून दाराला बोट टेकवलं.

पडद्यावर अक्षरं आली: आत दोन व्यक्ती. दुसरी ओळख बाकी.

एकाच्या बोटावर दुसरा निसटू नये, म्हणून ही मोजणी तिनंच बसवली होती. तिनं मागं वळून पाहिलं. फ्रिज, टेबल, स्टूल. माणूस एकही नाही.

"काहीतरीच!" पुन्हा बोट. पुन्हा तेच.

तिनं काकांना फोन लावला.

"बाई, बाहेरून कसं उघडू? माझं बोट त्या दाराला चालत नाही, आणि चावीचं कुलूप तुम्हीच काढायला लावलंत ना?"

हातातली पिशवी कोमट व्हायला लागली. तिकडे ताई हातची जात होती. तिला रडू फुटलं.

"कोण असशील ते अस," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "पाया पडते तुझ्या. टेकव बोट!"

बोट टेकवायच्या काचेवर हळूच वाफ धरली.

हिरवा दिवा लागला.

ओळख पटली. परवानगी: कायमची.

ती जीव घेऊन पळत सुटली.

पिशवी वेळेवर पोचली. तासाभरानं परिचारिका बाहेर आली. "रक्त थांबलं हो. बाजूच्या खोलीत हलवलंय त्यांना."

तिच्या जिवात जीव आला. "मी जाऊ आत?"

"एकालाच सोडतो. तुमच्याबरोबर आलेल्या बाई बसल्यात ना उशाशी. दाराला बोट चाललं त्यांचं, म्हणून सोडलं."

"माझ्याबरोबर कुणी नव्हतं."

"असं कसं? ताईंची गुंगी उतरायचीय, डोळे मिटलेलेच आहेत, पण त्या बाईंशी बोलताहेत की. आत्ताच म्हणाल्या, ‘थांब, आलेच.’"