आत्याच्या हाताची चव गेली कुठे?

आत्याचा केक परत आला. सकाळी गेला होता तसाच, फक्त एका कोपऱ्यातले चार-दोन तुकडे कमी होऊन. पोहण्याच्या तलावावर खाण्यापिण्याचं जे छोटं दुकान होतं, तिथल्या बाई स्वतः डबा घेऊन आल्या होत्या. दार आत्याच्या भाच्यानं, शंकासुरानं उघडलं, म्हणून डबा त्याच्याच हातात आला.

बाई रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं, असं ताईला नंतर वाटलं. त्या स्वयंपाकघरात आत्याशेजारी स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, की पोहून आलेली मुलं एक घास घेतात आणि उरलेला तुकडा कचऱ्यात टाकतात. कडवट लागतो, साबण खाल्ल्यासारखा. हे असं आठवडाभर चाललंय. उद्याचा डबा त्या बघणार होत्या. तोही असाच निघाला, तर मात्र कारखान्यातले पाकीटबंद केक ठेवण्यावाचून त्यांना इलाज नव्हता.

आत्यानं नुसती मान हलवली. सर्दीनं तिचं नाक लालबुंद झालं होतं आणि घसा पार बसला होता. बाई गेल्यावर तिनं अंगावरचा एप्रन काढला, घडी घातली आणि ती घडी कितीतरी वेळ हातातच धरून ठेवली.

"माझ्या हाताची चव गेली रे पोरांनो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उद्याचा डबा देते आणि मग बास. उगाच लोकांच्या तोंडाची चव कशाला घालवायची?"

एवढं बोलून ती आडवी व्हायला गेली. मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

मुलं तीन होती. ताई सगळ्यांत मोठी, म्हणून न विचारता सगळ्यांची पुढारी. मधला शंकासूर, त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं, कारण सूर्य उगवला तरी "कशावरून?" असं विचारणारा हा प्राणी. आणि सगळ्यांत धाकटी मुंगी. साखरेचा डबा कुठल्याही फळीवर ठेवा, ही तिथे पोचलेली असायची, म्हणून मुंगी. सुट्टी लागली की तिघं आत्याकडे येत, ती आत्याच्या त्या स्वयंपाकघरासाठीच. ओटची बिस्किटं, चीजच्या खुसखुशीत काड्या, केळ्याचा मऊ केक. जो मदत करील त्यानं पातेलं चाटायचं, हा तिथला कायदा. सर्दी लागू नये म्हणून या आठवड्यात मात्र आत्यानं मुलांना केकच्या पातेल्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. ते स्वयंपाकघर बंद होणार, या विचारानंच मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाताची चव अशी जात नसते," ताई म्हणाली.

"कशावरून?" शंकासुरानं सवयीप्रमाणे विचारलं. पण लगेच त्यानं स्वतःच एक शंका काढली. पाकीटबंद केक विकणारा तो बॅगवाला माणूस हल्ली सारखा तलावावर दिसतो. त्यानंच डब्यात काहीतरी कालवलं असलं तर? ताईनं त्याला विचारलं, की बंद डब्यातल्या, भाजून झालेल्या केकच्या पोटात तो कालवणार कसा? सुईनं टोचून? शंकासुरानं यावर बराच विचार केला आणि बॅगवाल्याला सोडून दिलं.

मग ठरलं ते असं, की आत्या निजली आहे तोवर एकेक गोष्ट तपासून बघायची.

पहिला संशय ओव्हनवर. ताईनं बटाट्याच्या चकत्या कापल्या, त्यांना तेल-मीठ चोळलं आणि ट्रेमध्ये पसरून भाजायला ठेवल्या. चकत्या कडेनं सोनेरी, मधे मऊ आणि कुठेही न करपता बाहेर आल्या. ओव्हन निर्दोष सुटला. पुरावा मुंगीनं जागच्या जागी खाऊन टाकला.

दुसरा संशय पिठावर. दुकानदारानं याच आठवड्यापासून नव्या पिठाची पोती पाठवायला सुरुवात केली होती. ताईनं त्यातलं वाटीभर पीठ घेतलं, दूध, साखर आणि चिमूटभर मीठ घालून सरसरीत कालवलं आणि लोणी लावलेल्या तव्यावर छोटे छोटे पॅनकेक घातले. घातल्यावर तिनं जीभ चावली.

"अरेच्चा, फुगायची पावडर घालायची राहिलीच की!"

पण पॅनकेकला त्याचं काहीच वाटलं नाही. वर बुडबुडे आले, कडा सुटल्या, उलटल्यावर ते टम्म फुगले. वर मध घालून तिघांनी खाल्ले. कडूपणाचा मागमूस नव्हता.

"पावडरीशिवाय फुगले कसे?" शंकासुरानं विचारलं, आणि या वेळी त्याची शंका रास्त होती.

उत्तर आत्यानंच दिलं. ती पाणी प्यायला उठली होती. या नव्या पिठात पावडर गिरणीतच मिसळलेली असते, तिनं नाक पुसत सांगितलं, वेगळी घालायची भानगडच नाही. बोलताना तिनं पॅनकेकचा तुकडा तोंडात टाकला, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आठवडाभर तिला कशाचीच चव कळत नव्हती. आपला केक कडू आहे की गोड, हेही तिला लोकांच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागत होतं. ती परत आत गेली.

लोणी ताजं होतं, दूध ताजं होतं, केळी गोड होती. तिन्ही गोष्टी मुंगीनं मन लावून तपासल्या. आता उरला होता तो कोपऱ्यातला पत्र्याचा मोठा डबा. केकचा कोरडा मालमसाला, म्हणजे पीठ, पिठीसाखर आणि मीठ, रोज सकाळी त्यात एकत्र करून ठेवलेला असे. आत्या लागेल तसा त्यातून घेई आणि त्यात लोणी, दूध, केळी घालून केक करी. आजचं थोडं मिश्रण डब्याच्या तळाशी शिल्लक होतं. मुंगीनं ओलं बोट त्यात बुडवलं आणि चाटलं.

तिचं तोंड असं काही वाकडं झालं, की शंकासुराला हसू आवरेना. ती धावत मोरीकडे गेली आणि चूळ भरून आली.

"जीभ चुरचुरतेय," ती म्हणाली. "साखर घातलेला साबण आहे तो."

ताईनं चाखून पाहिलं. शंकासुरानं चाखून पाहिलं. शंकेला जागाच नव्हती. बिघाड आत्याचा हात लागण्याच्या आधीच होत होता. आणि हे मिश्रण आत्या करत नसे. ती आजारी पडल्यापासून ते काम आतोबांनी अंगावर घेतलं होतं.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्याइतका नेमका माणूस शोधून सापडला नसता. चमच्यात पीठ घेतलं तरी सुरीच्या पाठीनं वरचं सपाट करून मगच ते डब्यात टाकत. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ते केकला तोंड मात्र लावत नसत. ते आणि घोटाळा? आणि तोही आत्याच्या कामात?

"मुद्दाम करत असतील?" मुंगीनं विचारलं.

शंकासुरानं डब्याचं झाकण घट्ट लावलं. आतोबांवर असा संशय घेणं ताईला मुळीच आवडलं नाही. पण आत्याला जाऊन काही सांगायचं, तर आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं स्वयंपाकघरात दबा धरून बसली. शंकासूर टेबलाखाली, ताई दाराआड, मुंगी पडद्यामागे. आतोबा शीळ घालत आले, बाह्या वर केल्या, हात धुतले. पीठ मोजलं. साखर मोजली. मीठ मोजलं. मग त्यांनी वरच्या फळीवरचा फुगायच्या पावडरीचा डबा हातात घेतला, हसून तो परत जागेवर ठेवला, आणि खाली वाकून मोरीजवळचा सोड्याचा डबा काढला. भांडी चकचकीत घासायला आत्या जो खायचा सोडा वापरायची, तोच हा. आतोबांनी एक चमचा भरला, सुरीनं सपाट केला, ओतला. मग दुसरा. मग तिसरा.

पिठाची धूळ टेबलाखाली उतरली आणि शंकासूर जोरात शिंकला.

"टेबलाला सर्दी झालेली दिसते," आतोबा म्हणाले. "आत्याची लागली वाटतं."

आता पंचाईत झाली. शंकासूर डोकं खाजवत बाहेर आला. पण ताई पुढारी होती ती काही उगाच नाही. दाराआडून पुढे येत ती म्हणाली, की त्यांना आतोबांकडून पिठाचं मिश्रण शिकायचं होतं, पण ते शिकवतील की नाही अशी भीती वाटत होती. आतोबांचा चेहरा उजळला. आयुष्यभर घड्याळांशी बोललेल्या माणसाला विद्यार्थी कुठून मिळणार? त्यांनी तिघांना ओळीत उभं केलं आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. पीठ चाळायचं का, मीठ घालायचं का, चमचा सपाट करायचा का.

"आणि ती वरची पावडर?" ताईनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती नाही घालायची. तुझ्या आत्यानं स्वतः बजावलंय."

"नक्की काय म्हणाली ती?"

आतोबांनी आठवून सांगितलं. नवं पीठ आलं त्या दिवशी आत्याचा आवाज पार गेला होता. ती आतल्या खोलीत पडली होती आणि तिथूनच जेमतेम ओरडली होती, "अहो, आजपासून पावडर नको, सोडा!" तेव्हापासून ते पावडरीऐवजी नेमानं सोडा घालत होते. एक दिवसही चुकले नव्हते.

ताई आणि शंकासूर एकमेकांकडे बघत होते. काहीतरी अगदी जवळ आलं होतं, पण हाती लागत नव्हतं. मुंगीला मात्र यात कोडं असं काही दिसलंच नाही.

"सोडा म्हणाली ना?" तिनं विचारलं. "मग तुम्ही सोडली का नाहीत?"

आतोबांच्या हातातला चमचा हातातच राहिला. त्यांनी एकदा पावडरीच्या डब्याकडे पाहिलं, एकदा सोड्याच्या. मग ते हळूच स्टुलावर बसले.

"सोडा," ते पुटपुटले. "म्हणजे... सोडून द्या."

त्यांचा चेहरा इतका उतरला, की ताईला त्यांची दया आली. ती म्हणाली की आपण आत्याला हळूहळू सांगू, काहीतरी निमित्त काढू. पण आतोबांनी मान हलवली. चूक त्यांची होती, ते स्वतःच सांगणार होते. ते उठून आत गेले आणि मुलं त्यांच्या मागोमाग.

आत्याला पहिल्यांदा काही उमगेचना. मी सोडा म्हटलं, ती म्हणाली. मी सोडाच घातला, आतोबा म्हणाले. अहो, मी सोडा म्हटलं! अगं, मी तेच तर केलं! असं दोन-तीनदा झालं आणि मग आत्याला जे हसू फुटलं, त्यात खोकला मिसळला, आणि हसता खोकता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पाणी हसण्याचं नव्हतं, हे मुंगीलासुद्धा कळलं.

"म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही?" तिनं विचारलं.

"तुझ्या हाताला काय होणार?" आतोबा म्हणाले. "झालं ते माझ्या कानाला. तुला रात्र रात्र तळमळताना बघत होतो आणि सकाळी उठून मीच चमचे भरत होतो. मला माफ कर."

आत्यानं डोळे पुसले. "इतकी वर्षं तुम्हाला अहो-जाहो करत आले, तेच नडलं," ती म्हणाली. "'अरे, सोड' म्हटलं असतं, तर सगळे केक वाचले असते."

त्या दिवशीचं मिश्रण फेकून दिलं. पत्र्याचा डबा आतोबांनी घासून पुसून लख्ख केला. ताईनं केळी कुस्करली, शंकासुरानं लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेटली. आत्यानं एप्रनची घडी मोडली आणि पीठ घालून सगळं एकत्र करायला ती स्वतः उभी राहिली. चव तिला अजून कळत नव्हती, म्हणून चाखायचं काम मुंगीकडे आलं. मुंगीनं ते इतक्या वेळा केलं, की शेवटी तिच्या हातातून चमचा काढून घ्यावा लागला. केक ओव्हनमध्ये चढला, वर मधोमध तडकला आणि घरभर केळ्यांचा वास पसरला. आत्यानं दीर्घ श्वास घेऊन पाहिला. नाकानं दाद दिली नाही.

डबा मुलांनीच नेऊन द्यावा, असं तिचं म्हणणं होतं. तोंड दाखवायला तिला संकोच वाटत होता. पण ताईनं ऐकलं नाही. शेवटी सगळी वरात तलावावर निघाली.

दुकानाच्या बाईंनी केकचा एक तुकडा कापला आणि उभ्या उभ्याच खाल्ला. मग लगेच दुसरा कापला. तोही संपल्यावर त्यांनी विचारलं, की असं एका रात्रीत काय झालं? आतोबांनी काही न लपवता सगळं सांगितलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना काउंटरचा आधार घ्यावा लागला.

"मोठ्यांना आठवडाभर जमलं नाही ते तुम्ही शोधलंत," त्या मुलांना म्हणाल्या. "आणि कुणाला दोष न देता शोधलंत. शाबास रे!"

"आणि मला मास्तर करून शोधलंत," आतोबांनी जोड दिली आणि तिघांच्या पाठीवर थोपटलं. शंकासूर लाजून टेबलाखाली जायला निघाला, पण तिथे टेबल नव्हतं.

तेवढ्यात पोहून आलेली एक मुलगी काउंटरपाशी आली. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. केक बघून तिनं आधी नाक मुरडलं. बाईंनी छोटासा तुकडा पुढे केला, तो तिनं भीत भीत तोंडात घातला. मग चघळणं थांबवून तिनं सगळ्यांकडे पाहिलं.

"हा तो नाही," ती म्हणाली. "हा कुणी केला?"

ताई बोलणार होती, पण तिनं स्वतःला आवरलं. सगळे आत्याकडे बघत होते. आत्यानं एकवार आपल्या हातांकडे पाहिलं.

"मी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि त्या मुलीसाठी मोठा तुकडा कापायला तिनं सुरी उचलली.